पावणी आणि लिलावाचे सॉफ्टवेअर: गोव्यातल्या देवस्थान समित्या, गणेशोत्सव मंडळे आणि क्लबांचे नेहमीचे प्रश्न

लिलावाचे सॉफ्टवेअर नेमके काय काम करते?

पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा देवळात किंवा मंडपात होणारा लिलाव. अशा लिलावात सॉफ्टवेअरचे मुख्य काम एकच आहे: आलेल्या प्रत्येक बोलीला क्रम देणे आणि तो क्रम पुढे कधीही दाखवता येईल असा जपणे. वस्तूंची यादी, फोटो, बोली लावणाऱ्यांची नोंदणी, पडद्यावरचा आकडा, पावत्या, थकबाकीची यादी हे सगळे त्याभोवती येते. सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक समित्या फोटो किती छान दिसतात ते पाहतात. आधी पाहायला हवे ते बोल्यांचे नोंदपुस्तक. कोणी, कोणत्या वस्तूवर, किती रकमेची, सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे किती वाजता बोली लावली आणि ती स्वीकारली की नाकारली, हे त्यात ओळीने दिसले पाहिजे. त्यातली ओळ व्यवस्थापकालाही पुसता येता कामा नये. पावणीवरून वाद होतो तेव्हा कामाला येते ते हेच पुस्तक.

माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या छताची) पावणी, क्रिकेट लीगचा खेळाडू लिलाव आणि सोपोचा (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घ्यायच्या कराचा) लिलाव यांना एकच सॉफ्टवेअर चालेल का?

बोली घेणारा गाभा एकच असतो, पण नियम फार वेगळे असतात.

माटोळीची फळे, देवाला वाहिलेले नारळ, केळीचे घड, वस्त्रे यांच्या पावणीत वस्तूचा बाजारभाव गौण असतो. राखीव किंमत नसते, बोली वस्तूच्या किमतीच्या कित्येक पट जाते आणि रक्कम पुष्कळदा नंतर भरली जाते. म्हणून इथे थकबाकीचा हिशेब पक्का हवा: कोणत्या वर्षाची, कोणत्या वस्तूची, किती रक्कम कोणाकडून येणे आहे.

खेळाडूंच्या लिलावात पैशांऐवजी बहुतेक वेळा गुण असतात आणि खरी अडचण संघाच्या थैलीची, म्हणजे त्याला खर्चायला मिळालेल्या एकूण गुणांची असते. सॉफ्टवेअरने प्रत्येक बोलीआधी संघाची कमाल मर्यादा काढली पाहिजे. समजा थैली १,००,००० गुणांची, किमान १२ खेळाडू घेणे बंधनकारक आणि मूळ किंमत २,००० गुण. एका संघाने ५ खेळाडू ६०,००० ला घेतले, म्हणजे ४०,००० उरले आणि आणखी ७ खेळाडू हवेत. पुढच्या खेळाडूवर तो जास्तीत जास्त ४०,००० − (६ × २,०००) = २८,००० लावू शकतो. ही मर्यादा आपोआप तपासली जात नसेल, तर शेवटच्या फेरीत एखाद्या संघाकडे खेळाडू कमी आणि गुण शून्य अशी पाळी येते. मग मागचे निकाल फिरवावे लागतात आणि सगळा लिलाव नासतो.

सोपो गोळा करण्याचा ठेका किंवा मानशीतल्या (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारातल्या) मासेमारीचा हक्क यात वस्तू विकली जात नाही, ठरावीक मुदतीचा हक्क दिला जातो. त्यामुळे अनामत, पात्रतेची कागदपत्रे, मागची थकबाकी नसल्याची खात्री या गोष्टी बोलीआधी व्हाव्या लागतात. पंचायत, पालिका आणि कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था) यांच्या लिलावाची पद्धत कायद्याने आणि नियमांनी बांधलेली असते. वरिष्ठ कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय असा लिलाव खासगी ॲपवर नेऊ नका. काजू झोन (काजूच्या बोंडांपासून दारू गाळण्यासाठी दिले जाणारे विभाग) किंवा खाणपट्टे सरकार स्वतःच्या पद्धतीने देते, त्यांचा इथे विचार केलेला नाही.

मंडपातली आणि ऑनलाइन बोली एकाच वेळी कशी चालवायची?

यासाठी किमान चार माणसे लागतात. पहिला पुकारणारा. दुसरा त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला नोंदणारा: मंडपात जी बोली पुकारली जाते ती तो लगेच टाकतो. तिसरा ऑनलाइन बोल्यांवर नजर ठेवणारा: नवी बोली आली की तो हात वर करून मोठ्याने सांगतो, ‘ऑनलाइन, साडेचार हजार’. चौथा नोंदणी आणि पैशांच्या टेबलावर. नोंदणारा आणि ऑनलाइन पाहणारा ही दोन्ही कामे एकाकडे देऊ नका. मंडपात चढाओढ लागली की त्याचे लक्ष पडद्यावरून उडते आणि मुंबईहून बोली लावणारा महाजन (देवस्थानचा वंशपरंपरेने आलेला सदस्य) मागे राहतो.

क्रम असा ठेवा. वस्तू उघडा, पुकारणारा क्रमांक आणि सुरुवातीची रक्कम सांगतो. मंडपातली प्रत्येक बोली नोंदली जाईपर्यंत पुढची पुकारायची नाही. दोन सेकंद लागतात, ते द्या. बोल्या थांबल्या की ‘एक वार’ म्हणताना नोंदणाऱ्याने इशाऱ्याचे बटण दाबायचे, म्हणजे सगळ्या मोबाइलवर ‘शेवटची संधी’ दिसते. ‘दोन वार’ नंतर ऑनलाइन पाहणाऱ्याकडे एकदा बघायचे. त्याने मान हलवली की मगच ‘तीन वार’. बंद करण्याचे बटण तिसऱ्या वारानंतर दाबायचे, आधी नाही.

मंडपातल्या लोकांनाही क्रमांकाची पाटी द्या. नावे पुकारून नोंद केली की एकाच आडनावाच्या दोघांत घोळ होतो, आणि गावात एका आडनावाची तीस घरे असणे नवलाचे नाही.

दीड, अडीच, पावणेतीन यांमुळे आकडे चुकतात. उपाय काय?

बोली तोंडाने लावली जाते आणि टाकली जाते अंकांत, तिथे ही चूक होते. पावणेतीन हजार म्हणजे २,७५०, अडीच हजार म्हणजे २,५००. गोंगाटात ‘पावणेतीन’मधले ‘पावणे’ ऐकू आले नाही की ३,००० पडतात. ‘दीडशे’ आणि ‘दीड हजार’ यांतही तसेच होते. नियम करा: पुकारणाऱ्याने बोली परत उच्चारताना ‘दोन हजार सातशे पन्नास’ असे पूर्ण म्हणायचे आणि नोंदणाऱ्याने तेच टाकायचे. त्याहून चांगले म्हणजे नोंदणाऱ्याच्या पडद्यावर पुढच्या तीन टप्प्यांची मोठी बटणे ठेवा. मग आकडा टाइप करण्याची वेळ क्वचितच येते.

मोबाइलवर व्हिडिओ मागे चालतो आणि लोक म्हणतात ‘आमची बोली घेतली नाही’. असे का होते?

यूट्यूबसारख्या थेट प्रक्षेपणात चित्र कॅमेऱ्यापासून मोबाइलपर्यंत पोचायला वेळ लागतो. साधारण सेटिंगवर हा उशीर अर्ध्या मिनिटाच्या घरात जाऊ शकतो, सर्वांत कमी उशिराच्या सेटिंगवर तो बहुतेकांना ५ सेकंदांच्या खाली येतो. वेबआरटीसी तंत्रावर, म्हणजे व्हिडिओ कॉल ज्यावर चालतो त्यावर, तो एका सेकंदाच्या आसपास राहतो. पण प्रेक्षक वाढले की त्याला वेगळा सर्व्हर आणि जास्त खर्च लागतो.

म्हणून व्हिडिओवर बोली अवलंबून ठेवायची नाही. चालू रक्कम व्हिडिओत दिसते ती पाहून नव्हे, तर ॲपमधल्या आकड्यावरून बोली लावायची. तो आकडा वेबसॉकेट जोडणीतून, म्हणजे सर्व्हर आणि मोबाइल यांच्यात सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीतून, लगेच बदलतो. व्हिडिओखाली ठळक अक्षरांत लिहा: ‘चित्र मागे असू शकते, खालचा आकडा खरा’. यूट्यूब वापरत असाल तर शेवटच्या इशाऱ्यानंतर निदान १० सेकंद थांबा. पुकारणाऱ्याला हे जड जाते, कारण पावणीचा रंग वेगात असतो. पण दहा सेकंद वाचवण्यासाठी बाहेरगावच्या लोकांना बोलीतून बाहेर काढणे योग्य नाही.

फक्त ऑनलाइन लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली टाकणाऱ्यांचे काय करायचे?

मुदतवाढ ठेवा. शेवटच्या २ मिनिटांत बोली आली तर त्या वस्तूची वेळ बोलीच्या क्षणापासून पुन्हा २ मिनिटे होते, आणि सलग २ मिनिटे कोणी बोलले नाही की वस्तू बंद. मुदतवाढीला कमाल मर्यादा ठेवायची की नाही हे आधीच ठरवा. आमच्या मते ठेवू नये, कारण मर्यादा आली की शेवटच्या सेकंदाचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

पन्नास वस्तू असतील तर सगळ्या एकदम रात्री ९ वाजता बंद करू नका. पहिली ९ ला, दुसरी ९.०१ ला, अशी एकेक मिनिटाच्या अंतराने करा. एक नारळ हातचा गेला तर पुढच्यावर बोली लावायला माणसाला वेळ मिळतो, आणि सर्व्हरवरही एकाच क्षणी भार पडत नाही.

बोलीचे टप्पे किती ठेवावेत?

प्रत्येक पट्ट्याच्या मध्याशी रकमेच्या ५ ते १० टक्के हा चांगला अंदाज. १,००० पर्यंत ५०, १,००० ते ५,००० दरम्यान २५०, ५,००० ते २५,००० दरम्यान १,०००, त्यापुढे २,५००. टप्पा फार लहान ठेवला तर एकच घड पाऊण तास चालतो. फार मोठा ठेवला तर तिसऱ्याच बोलीला लोक गप्प होतात. टप्पे वस्तू उघडण्याआधी जाहीर करायचे, मध्येच बदलायचे नाहीत.

‘कमाल बोली’ म्हणजे काय? सॉफ्टवेअर माझी सगळी रक्कम लावून टाकते का?

नाही. तुम्ही तुमची कमाल रक्कम गुप्तपणे सांगता आणि गरज पडेल तेवढीच बोली सॉफ्टवेअर तुमच्या वतीने वाढवते. सुरुवात १,००० आणि टप्पा १०० आहे असे धरा. तुमची कमाल ३,०००, दुसऱ्याची २,४००. वस्तू तुमच्याकडे २,५०० ला थांबते. दुसऱ्याची २,९५० असती तर पुढचा टप्पा ३,०५० होतो, तो तुमच्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून तुमची बोली ३,००० वर थांबते आणि वस्तू तुमचीच. दोघांची कमाल ३,००० च असेल तर ज्याची आधी नोंदली गेली त्याला मिळते.

ही कमाल रक्कम व्यवस्थापकालाही दिसता कामा नये. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला हा प्रश्न नक्की विचारा. जिथे ती दिसते तिथे समितीवरच्या एखाद्याने मित्राकरवी बोली तिथपर्यंत चढवल्याचा संशय येणारच, खरा असो वा खोटा.

दोन जणांनी एकाच क्षणी तीच रक्कम टाकली तर?

मोबाइलचे घड्याळ कधीही ग्राह्य धरायचे नाही. ते पुढे-मागे असते आणि बदलताही येते. सर्व्हरला बोली पोचण्याचा क्रम हाच क्रम. चांगले सॉफ्टवेअर डेटाबेसमध्ये त्या वस्तूची ओळ कुलूपबंद करते, चालू रक्कम तपासते, बोली लिहिते आणि कुलूप काढते. दुसरी बोली तेवढा वेळ थांबते, मग तिला कळते की ही रक्कम गेली आणि ती ‘आता किमान इतके लावा’ असा निरोप घेऊन परतते. हे कुलूप नसेल तर दोन्ही बोल्या स्वीकारल्या जातात आणि दोघांच्याही मोबाइलवर ‘तुमची बोली सर्वांत वर’ असे दिसते. हा दोष दोन माणसांच्या चाचणीत सापडत नाही. वीस जणांना बसवा, ‘आता’ म्हणा आणि सगळ्यांना एकदम बटण दाबायला लावा.

याच्या जोडीचा दोष म्हणजे दुहेरी बोली. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात रेंज कमजोर असते. बटण दाबल्यावर काहीच हलत नाही, माणूस पुन्हा दाबतो आणि तो स्वतःच्याच बोलीवर चढतो. प्रत्येक दाबण्यासोबत एक अनन्य क्रमांक जायला हवा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती मोजत नाही. शिवाय साध्या बोलीत जो आधीच वर आहे त्याची पुढची बोली घ्यायचीच नाही.

५,००० ऐवजी ५०,००० पडले. बोली मागे घेता येते का?

वस्तूंच्या विक्रीसाठी १९३० चा माल विक्री कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडून, किंवा रूढ असलेल्या इतर रीतीने, विक्री जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. म्हणजे ‘तीन वार’ होण्याआधी बोली लावणाऱ्याने हात वर करून सांगितले तर बोली काढली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये ती पुसायची नाही. ‘मागे घेतली’ अशी खूण, वेळ आणि कारण टाकायचे आणि आधीची सर्वोच्च बोली पुन्हा चालू करायची.

चूक मुळात होऊ नये म्हणून, चालू रकमेच्या तिप्पट किंवा जास्त बोली आली की ‘पन्नास हजार रुपये, नक्की?’ असे अक्षरांत विचारणारा पडदा ठेवा. आकडे लाखाच्या पद्धतीने, १,००,००० असे दिसले पाहिजेत. परदेशी सॉफ्टवेअर तेच १००,००० असे दाखवते आणि घाईत दहा हजार आणि लाख यांत गल्लत होते.

समितीचाच माणूस बोली चढवत असेल तर?

वरच्याच कलमात याचेही उत्तर आहे. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क आधी उघडपणे राखून ठेवावा लागतो. तसे न सांगता विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावली तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो, आणि किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. समितीच्या सदस्यांना भाग घ्यायचा असेल तर त्यांच्या क्रमांकापुढे ‘समिती सदस्य’ अशी खूण सगळ्यांना दिसू द्या. भक्त म्हणून पावणी घेण्यात गैर काहीच नाही, लपवण्यात आहे.

पैसे कसे घ्यावेत?

अनामत बोलीआधी, बाकी वस्तू देताना. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपयांची आहे. त्यापुढे आयएमपीएस ५ लाखांपर्यंत चालते. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे आणि डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, म्हणजे रविवारी जत्रा असली तरी अडत नाही. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगाच्या संदर्भात, २ लाख रुपये किंवा जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होतो. चार पावत्या फाडून ही मर्यादा टळत नाही.

गेटवेतून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेतून, पैसे आल्याची नोंद खरेदीदाराच्या ‘यशस्वी’ पडद्यावरून किंवा स्क्रीनशॉटवरून करू नका. गेटवे सर्व्हरला स्वतंत्र निरोप पाठवतो, तो आल्यावरच पावती निघाली पाहिजे.

लिस्बन किंवा लंडनच्या नातेवाइकांना देवळाच्या पावणीत बोली लावू द्यावी का?

गोव्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो उशिरा विचारतात. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगीत मोडत नाहीत. ज्याने पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतले तो मात्र, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. त्याच्याकडून देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. दोनशे रुपयांच्या घडासाठी लाखाची बोली ही खरेदी की देणगी, हा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. नोंदणीच्या अर्जात ‘पासपोर्ट कोणत्या देशाचा’ हा रकाना ठेवा आणि अशा बोली घेण्याआधी सनदी लेखापालाचे लेखी मत घ्या.

ओटीपी येत नाही अशी तक्रार ऐन वेळी येते.

भारतात संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते: संस्था, पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना, तिन्ही मंजूर हवेत. नमुन्यातला एक शब्द बदलला तरी निरोप अडतो. हे काम आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी सुरू करा. परदेशी क्रमांकांना ईमेलवरून ओटीपी द्या. नोंदणी आदल्या दिवशी संध्याकाळी बंद केली तर पावणीच्या वेळी ओटीपी लागतच नाही.

जत्रेच्या गर्दीत इंटरनेट टिकेल का?

मोबाइलच्या नेटवर भरवसा ठेवू नका. हजारो लोक एका टॉवरवर आले की सर्वांत आधी अपलोड कोसळतो, आणि तुमचा व्हिडिओ तर अपलोडवरच चालतो. देवस्थानात फायबर जोडणी असेल तर नोंदणाऱ्याचा लॅपटॉप आणि व्हिडिओचा लॅपटॉप केबलने जोडा, वायफायवर नको. ७२० पिक्सेलच्या व्हिडिओला सुमारे ३ ते ४ एमबीपीएस स्थिर अपलोड लागतो, त्याच्या दुप्पट उपलब्ध हवा. पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला राउटर चालू अवस्थेत ठेवा.

वीज गेली की राउटरला इन्व्हर्टर असतो, पण भिंतीवरचा फायबरचा छोटा डबा विसरला जातो आणि सगळे बंद पडते. दोन्हींना बॅकअप द्या. मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की हे हमखास लागते.

आणि कागद ठेवा. क्रमांक, वस्तू, बोली, पाटी क्रमांक असे चार रकाने छापलेली वही नोंदणाऱ्याजवळ हवी. जोडणी तुटली तर चालू वस्तू थांबवा, ५ मिनिटे वाट पाहा. नाही आली तर ती वस्तू बाजूला ठेवून, ऑनलाइन बोली आलेली नाही अशा वस्तू मंडपात पुढे चालवा. हा नियम आधीच छापून लावा, नाहीतर त्या पाच मिनिटांत समितीतच भांडण होते.

मराठी पावत्यांमध्ये अक्षरे तुटतात.

पीडीएफ बनवणाऱ्या अनेक साधनांना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘श्री’ फुटते, वेलांटी भलत्या बाजूला जाते. विकत घेण्याआधी ‘श्री शांतादुर्गा’, ‘र्‍ह’, ‘क्ष’, ‘ट्ट’ असलेली एक चाचणी पावती काढून बघा. शोधताना ‘नाईक’ आणि ‘नायक’ वेगळे मानले जातात, म्हणून माणूस नावाने नव्हे, मोबाइल क्रमांकाने किंवा पाटी क्रमांकाने शोधा.

घरातल्या जुन्या वस्तू लिलावात ठेवता येतील का?

जुन्या घरातले शिसवी फर्निचर, चिनी मातीची भांडी, मूर्ती ठेवण्याआधी वय पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरू शकतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर वस्तू यादीत घेण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. देवस्थानच्या जुन्या मूर्ती किंवा दागिने तर यादीत येताच कामा नयेत.

रंगीत तालीम किती आधी घ्यावी?

आठ दिवस आधी, त्याच जागेवर, त्याच वेळेला, त्याच लॅपटॉपवर. दहा खोट्या वस्तू, मंडपात पाच जण, बाहेरगावी पाच जण. मुद्दाम चार गोष्टी करा: एक बोली मागे घ्या, एका वस्तूच्या मध्यावर नेट काढा, दोघांना एकाच वेळी बोली लावायला सांगा, एक वस्तू चुकून बंद करून पुन्हा उघडा. शेवटच्या प्रकारात नोंदपुस्तकात बंद आणि पुन्हा उघडणे, दोन्ही दिसायला हवे. तालमीचा डेटा पावणीआधी काढला गेला आहे ना, हे दोघांनी तपासा.

नोंदी किती काळ जपाव्यात?

पावणी संपली त्याच रात्री बोल्यांची पूर्ण यादी एक्सेल आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत उतरवून घ्या आणि अध्यक्ष व खजिनदारांनी छापील प्रतीवर सही करावी. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर ती आहे यावर विसंबू नका, वर्गणी संपली की खाते बंद होते. हिशेबाला जोडलेली यादी हिशेबाच्या वह्या जितकी वर्षे ठेवाव्या लागतात तितकी वर्षे ठेवा. ओळखपत्रांच्या प्रती मात्र रक्कम वसूल झाली आणि कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर काढून टाका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या विनाकारण साठवणे जोखमीचे झाले आहे. ज्यांची पावणी थकीत आहे त्यांची यादी सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, प्रत्येकाला त्याची रक्कम वेगळी कळवा.